डेडस्टॉकमधला संगणक

आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, संगणकाची नोंद सतरंज्यांच्या खाली आणि लोखंडी कपाटाच्या वर होती. पाच संच, पाच टेबलं, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. दारव्हा आणि कारंजाच्या मधल्या पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथे शेवटची नऊ वर्षं शिकवलं आणि ती नऊ वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. संच आले त्या दिवशी नारळ फुटला, कीबोर्डला हळदकुंकू लागलं, फीत कापली गेली. मग त्यांच्यावर कापडी खोळी चढल्या. आठवड्यातून एकदा पोरांना ओळीनं आत न्यायचं, चपला बाहेर काढायला लावायच्या, ‘हा मॉनिटर, हा माऊस’ म्हणायचं आणि पुन्हा कुलूप. कुलपामागचं कारण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, म्हणजे सगळ्या वस्तू मोजून पुढच्याच्या ताब्यात द्याव्या लागतात, आणि चार्ज देताना एक माऊस कमी भरला तर जाब मला द्यावा लागणार. त्या पाच संचांवर किती मुलं काय शिकली, हे मात्र नऊ वर्षांत एकाही तपासणीत कोणी विचारलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा पाचांतले चार बंद होते. वापरून झिजले असते तर मला वाईट वाटलं नसतं. उंदरांनी वायरी कुरतडल्या, दोन पावसाळ्यांत आतल्या पाट्यांवर गंज चढला आणि रजिस्टरात मात्र पाचही संच शाबूत राहिले.

अशा खोल्या विदर्भातल्या गावोगावी आहेत, म्हणून हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: शाळांतले संगणक शाळा सुटल्यावर मुलांच्या हाती द्यावेत आणि मुलांनी त्यांच्यावर सगळ्यात आधी गेम बनवावेत. खेळावेत असं मी म्हणत नाही, बनवावेत. टायपिंग, तक्ते, अर्ज भरणं हे मागाहून येईल. पारावर हे बोललो तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “गुरुजी, मोबाइलनं पोट्टे पयलेच वाया चालले, अन् तुम्ही अजून गेम शिकवता?” हा आक्षेप खरा आहे, त्यामागची काळजी खरी आहे, आणि त्याला उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली पीडीपी-१ नावाचा संगणक आला. किंमत १,२०,००० डॉलरच्या घरात. त्याच संस्थेत खेळण्यातल्या रेल्वेचं वेड असलेल्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालेली जुनी रिले, म्हणजे विजेवर चालणारी बटणं, जोडून रूळ कसे बदलायचे, सिग्नल कसे पाडायचे, यात ते रात्री घालवत. आमच्या भागातल्या माणसाला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला ही आगगाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती, आणि तिचं इंजिन थांबलं की आम्ही पोरं ड्रायव्हरच्या हाताकडे टक लावून बघायचो. त्या क्लबातल्या पोरांना इंजिनाऐवजी संगणक मिळाला, आणि त्यांना त्याला हात लावू दिला गेला. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी स्पेसवॉर हा गेम तयार केला. मध्ये एक तारा, त्याभोवती दोन यानं, एकमेकांवर मारा. एकानं त्यात ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण घातलं, दुसऱ्यानं पाठीमागे खऱ्या आकाशातले तारे त्यांच्या खऱ्या जागी मांडले. मशीनवरची बटणं दाबून कोपर दुखू लागले तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी क्लबातल्याच सुट्या भागांतून हातात धरायच्या पेट्या बनवल्या. पुढे मशीन विकणारी कंपनीच नवं मशीन ग्राहकाकडे बसवल्यावर ते नीट चालतं का, हे स्पेसवॉर चालवून पाहू लागली. एवढ्या महागड्या यंत्राची पूर्ण परीक्षा घेणारं त्यापेक्षा सोपं साधन नव्हतं.

टेट्रिसची गोष्टही अशीच आहे. जत्रेत मिळणारा तो राखाडी ‘ब्रिक गेम’ आमच्या गावात कोणी खेळला नसेल असं घर नसेल. त्याचं मूळ मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात आहे. अलेक्सी पाजित्नोव यानं १९८४ मध्ये तो इलेक्ट्रॉनिका ६० या मशीनवर लिहिला. त्या मशीनला चित्र काढताच येत नव्हतं. म्हणून त्यानं ठोकळे कंसाच्या चिन्हांनी काढले. पुढे आयबीएमच्या संगणकावर तो उतरवायला ज्यानं मदत केली तो व्हादिम गेरासिमोव १६ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की सरकारी केंद्रातल्या मशीनजवळ एका शाळकरी मुलाला बसू दिलं गेलं.

पण खरा धडा ब्रिटनचा आहे, आणि तो आपल्या शाळांना थेट लागू पडतो, म्हणून सविस्तर सांगतो. १९८१ च्या डिसेंबरात तिथे बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आला. दूरचित्रवाणीवरून देशाला संगणक शिकवायचा म्हणून बीबीसीनं योजना आखली आणि केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीनं यंत्र बनवलं. सरकारी मदतीनं ते बहुतेक शाळांत पोचलं. ते सुरू केलं की पडद्यावर आधी काही चित्रबित्र येत नसे. बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषेत सूचना देण्यासाठी रिकामी ओळ येई. म्हणजे यंत्र मुलाला पहिल्याच क्षणी म्हणे, सांग, काय करू? मासिकांत गेमचे पानभर प्रोग्राम छापून येत. मुलं ते ओळ-ओळ टाइप करत, चुकत, चूक शोधत, मग मनाला येईल तसे बदलत. अशाच यंत्रावर डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये एलीट हा गेम रचला. त्यात ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. यंत्राची स्मृती सगळी मिळून ३२ किलोबाइट. एवढे ग्रह साठवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ते साठवलेच नाहीत. एका आकड्यापासून ठरलेल्या गणितानं पुढचे आकडे काढत जायचे आणि त्यांतून ग्रहाचं नाव, जागा, बाजारभाव उगवायचे. शेतात आख्खं पीक आणून लावत नाहीत, बी लावतात, अगदी तसंच.

त्याच एकॉर्न कंपनीत बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन होत्या. त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी आर्म या नव्या चिपची रचना केली, आणि १९८५ मध्ये पहिली चिप चालू झाली. आज आमच्या गावात रोजमजुरीला जाणाऱ्या बाईच्या हातात जो मोबाइल आहे, त्यातल्या चिपची रचना याच घराण्यातली आहे. शाळेसाठी संगणक बनवणाऱ्यांच्या हातून हे झालं.

मग ब्रिटनमध्येही उलटं घडलं. ती यंत्रं गेली, नुसते गेम खेळायचे बंद डबे आले, आणि शाळेत संगणक म्हणजे पत्र टाइप करणं आणि तक्ते भरणं असं झालं. २००० नंतरच्या काळात केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटली आहे, आणि जी येतात त्यांनी यंत्राशी कधी झटापटच केलेली नाही. उपाय म्हणून त्यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा, ३५ डॉलरचा संगणक आणला. संस्थापकांत एलीट बनवणारा ब्रेबेनही होता. एवढ्या श्रीमंत देशाला आपली चूक वीसेक वर्षांनी कळली. आपण ती चूक पहिल्या दिवसापासून करतो आहोत.

हीच बीबीसी मायक्रो भारतातही आली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९८४ साली केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक माध्यमिक शाळांत ही यंत्रं दिली. निवडक या शब्दात आमची गावं बसत नव्हती. आमच्या गावात संगणकाचं पहिलं नाव ऐकलं ते एमएस-सीआयटीच्या रूपानं, २००१ नंतर. मी या अभ्यासक्रमाला नावं ठेवणार नाही. तालुक्याच्या गावी एसटीनं जाऊन, फी हप्त्यांनी भरून ज्या मुलींनी तो केला, त्यांच्या हातातली माऊसची भीती त्यानं घालवली, आणि ते लहान काम नव्हतं. पण गाव त्यातून एवढंच शिकलं की संगणक म्हणजे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र म्हणजे नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद.

यंत्रानं आमच्याकडे असं येणं आजचं नाही. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेची शाखा आली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रेल्वे आली, तारायंत्र आलं, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मागणी तारेनं वऱ्हाडात पोचू लागली. कापूस वेगानं बाहेर जावा यासाठी ते सगळं होतं. तारेच्या त्या टोकाला काय भाव चालला आहे, हे विचारायची सोय कापूस पिकवणाऱ्याला नव्हती. दीडशे वर्षांनी गावात संगणक आला तो ऑनलाइन अर्जासाठी, सातबाऱ्यासाठी, अंगठा लावण्यासाठी. आमची नोंद घेणारं यंत्र आमच्यापर्यंत पोचलं. आमचं ऐकणारं यंत्र अजून यायचं आहे, आणि ते आणणं शाळेच्या हाती आहे.

डॉ. विजय भटकरांचं नाव या भागात अभिमानानं घेतात. ते अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेनं महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. एकच भलं मोठं यंत्र करायच्या ऐवजी पुष्कळ लहान प्रक्रियक (प्रोसेसर) एकत्र जुंपून काम वाटून द्यायचं, ही त्यामागची युक्ती. निंदायला एक मजूर लावण्याऐवजी ओळीनं वीस बाया लावाव्यात, तसं. शाळेत मी त्यांचा फोटो लावला होता. फोटोखालच्या दाराला कुलूप होतं. आज मला ते फार लागतं.

निवृत्तीनंतर मी तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासचे तीन जुने संगणक विकत घेतले आणि ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत मांडले. आठवड्यातून दोन संध्याकाळी पाचवी ते आठवीची पोरं येतात. तिसरा संच सुरूच होत नव्हता. ज्याचे वडील मोटर वाइंडिंगचं काम करतात अशा एका मुलानं डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली, तिच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवली, आणि यंत्र चालू झालं. हे त्यानं वडिलांच्या दुकानाशेजारच्या मोबाइलवाल्याकडे पाहिलं होतं. माझ्या खोलीच्या कुलपामुळे अशी किती पोरं त्या पाच संचांपर्यंत पोचली नसतील!

तिथे आम्ही स्क्रॅच वापरतो. एमआयटीनं २००७ मध्ये मुलांसाठी खुली केलेली ही प्रोग्राम रचायची पद्धत फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालते आणि इंटरनेट लागत नाही. आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात, ते एकाखाली एक जोडायचे. पोरांनी ठरवलेला गेम होता जागलीचा. रात्री शेतात मचाणावर बसून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकलायचे. हे काम त्यांच्या घरोघरी चालतं, हरभरा आणि तूर उभी असली की बाप रात्री घरी नसतोच.

पहिल्या दिवशी डुक्कर पडद्याच्या उजवीकडून निघून डावीकडे चाललं. पडद्याच्या मधोमध शून्य, उजवं टोक २४०, डावं टोक उणे २४०. सातवीतली एक मुलगी, वर्गात ऋण संख्यांना घाबरणारी, आकडा बघत ओरडली, “सर, हे तं शून्याच्या मांगं चाललं!” त्या दिवसानंतर तिला ऋण संख्या समजावायची गरज पडली नाही. आम्ही दर पाच सेकंदांनी एक डुक्कर सोडायचं ठरवलं होतं. तिनं ते मोडीत काढलं. “डुक्कर का घडी पाहून येते का?” म्हणाली. मग संगणकाला अंदाजानं आकडा निवडायला लावायचं कसं, हे शिकावं लागलं, आणि संभाव्यता हा शब्द न उच्चारता ती आली. नंतर वाद झाला रोह्यावर. डुक्कर कुंपणाखालून घुसतं, रोही वरून उडी मारतो, मग दोघांना एकच नियम कसा चालेल? दोन वेगळे नियम लिहिले. बॅटरीचा उजेड सारखा पाडला तर ती उतरते, हा नियमही त्यांचाच. एका पोरानं कुंपणात करंट सोडायचं सुचवलं. खोली गप्प झाली. अशा तारेला चिकटून कोणाचा बैल गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तासभर बोलणं झालं आणि त्यांनी करंट गेममध्ये घ्यायचा नाही असं ठरवलं. इतकी गंभीर चर्चा मी माझ्या नागरिकशास्त्राच्या तासाला कधी घडवू शकलो नव्हतो.

आता त्या आक्षेपाकडे येतो. मोबाइलवरचे गेम पोरांना गिळतात, हे खोटं नाही. गेमच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या यादीत स्थान दिलं. आपल्या सरकारनं २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी घातली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानं बंदी आली. या कायद्याचं मी मनापासून स्वागत करतो. कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे मोबाइलवर हरलेली तरुण पोरं मी पाहिली आहेत. पण बंदीनं एक दार बंद होतं, आणि पोरगं संध्याकाळी सहा ते नऊ काय करेल, हा प्रश्न तसाच उरतो. आमच्या जागलीच्या गेममध्ये तीन ‘जीव’ संपले की खेळ संपतो. एका मुलानं सुचवलं की तीन संपल्यावर खेळणाऱ्याला पैसे मागावेत आणि चौथा जीव द्यावा. सगळ्यांना कल्पना आवडली. मग तोच थांबला आणि विचारू लागला, “सर, म्हंजे मोबाइलमधल्या गेमातबी असंच कोणीतरी बसून ठरवलं असते का, की याले आता सोडाचं नाही?” हा प्रश्न त्याला कोणत्याही उपदेशातून पडला नसता. ज्यानं स्वतः गळ तयार केला, त्याला गळ दिसतो. म्हणून मी म्हणतो, खेळण्याच्या व्यसनावर बनवण्याची सवय हा उतारा आहे. सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतली दोन पोरं अजूनही घरी मोबाइल सोडत नाहीत.

दुसरा आक्षेप पोटाचा. गरिबाच्या पोराला नोकरी हवी, गेम कशाला? ही मुलं सगळी प्रोग्रामर होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण शेतकऱ्याचा सरकारशी, बँकेशी, विमा कंपनीशी होणारा व्यवहार आता यंत्रातून होतो. २०२१ पासून पिकाची नोंदसुद्धा शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची आहे. अशा वेळी पडद्यावर ‘अर्ज अपात्र’ आलं की माझ्या वयाचा माणूस ते गारपिटीसारखं सोसतो आणि घरी जातो. जिनं डुकराचा नियम स्वतः लिहिला आणि चुकला तेव्हा स्वतः बदलला, ती मुलगी उद्या काउंटरवर विचारेल की हा नियम कोणी लिहिला आणि तो बदलायला कोणाकडे जायचं. पोटाशी याचा थेट संबंध आहे.

पैशाचा आणि विजेचा मुद्दा मला फारसा अडवत नाही. यंत्रं शाळांत पडून आहेत, आणि दोन तासांची वीज गावात मिळते.

अडवतं ते रजिस्टर. शाळेत वस्तूंच्या दोन नोंदी असतात, टिकाऊ वस्तूंची डेडस्टॉकमध्ये आणि संपणाऱ्यांची वेगळी. खडू संपणाऱ्यांत मोडतो, म्हणून तो झिजला तर कोणी गुरुजींकडून भरून घेत नाही. माऊस, कीबोर्ड, वायरी यांना त्याच खडूच्या यादीत टाका. मुलांच्या हातून वापरताना जे मोडेल त्याची वसुली शिक्षकावर नको, असा स्पष्ट आदेश काढा. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी संच मोजण्याऐवजी एक वही मागावी, ज्यात रोज कोणत्या मुलानं किती वेळ यंत्र वापरलं हे मुलांच्याच अक्षरात लिहिलेलं असेल. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२० मध्येच माध्यमिकच्या अलीकडच्या वर्गांत कोडिंग आणायचं म्हटलं आहे. ज्या खोलीत ते शिकवायचं, तिची किल्ली अजून त्या नऊ वर्षांतल्या माझ्यासारख्याच कोणा घाबरलेल्या शिक्षकाच्या खिशात असेल, तर धोरण त्या दारापाशीच अडेल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज दिला आहे. शाळा सुटल्यावर दोन तास संगणकाची खोली उघडी ठेवावी, किल्ली सातवीतल्या दोन मुलांकडे द्यावी, मोडतोडीसाठी ग्रामनिधीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. विषयपत्रिकेवर तो घेतला जाईल असा शब्द मिळाला आहे. इकडे त्या मुलीचं काम अडलं आहे. तिच्या गेममधलं डुक्कर एकटं येतं, आणि खरं तर ते कळपानं येतं, पिल्लं मध्ये, मोठी कडेनं. एका डुकराच्या नकला कशा काढायच्या हे तिला जमलं आहे, पण त्या सगळ्या एकमेकांवरच चढून बसतात. ते सोडवायला तिला यंत्र रोज तासभर हवं आहे. सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतं, तेही तिघींत मिळून एक.